पहिल्या मिनिटाची तयारी: एका माइकवाल्याकडून

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, स्पीकर लावायला मी जातो. बिलावर 'ध्वनिव्यवस्था' लिहितो, पण लोकांसाठी मी माइकवाला. व्यासपीठाच्या कडेला टेबलावर मिक्सर मांडून बसलो की बोलणाऱ्याचा अर्धा चेहरा दिसतो आणि पाय पूर्ण दिसतात. समोरच्यांना पोडियमच्या फळीआड जे दिसत नाही ते सगळं माझ्या बाजूला असतं: लटलटणारा गुडघा, पाठीमागे चुरगळलेला कागद, चपलेतून बाहेर येऊन पुन्हा आत जाणारा अंगठा.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच दिसते, ती मिक्सरवरच्या दिव्यांत. नवखा माणूस बोलायला उभा राहिला की त्याचा आवाज इतका खोल जातो की मला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर ढकलावा लागतो. मग मिनिट-दीड मिनिटानं तोच आवाज आपोआप वर येतो, दिवे लाल व्हायला लागतात आणि मी फेडर खाली ओढतो. त्या क्षणी मान वर करून बघितलं तर माणूस सावरलेला असतो. शिक्षक, पंच, डॉक्टर, नवरदेवाचा मित्र, सगळ्यांचं हेच. सराईत पुढाऱ्यांनाही हे मिनिट चुकलेलं नाही, फक्त त्यांचं मिनिट आखूड असतं.

तेव्हा 'भाषणाची भीती कशी घालवायची' असं कोणी विचारलं की मी सांगतो, घालवायच्या नादाला लागू नका. ती मिनिटभराची पाहुणी आहे. त्या मिनिटाची तयारी बाकीच्या भाषणाच्या दुप्पट करा.

अंगात काय चालतं

समोर शंभर माणसं आपल्याकडे बघतायत हे कळलं की शरीर त्याला धोका समजतं. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात. लाळ आटते म्हणून जीभ टाळूला चिकटते. श्वास पोटातून यायचा सोडून छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि वाक्य मध्येच तुटतं. घशाचे स्नायू आवळले की आवाजाची पट्टी चढते आणि तो कापरा होतो. यातलं काहीही 'तुम्हाला जमत नाही' याचा पुरावा नाही. नाटकात मुरलेल्या नटाच्या अंगातही पहिल्या एंट्रीच्या आधी हेच चालतं. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकांत मी बरीच वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग, म्हणजे अडकलेल्या नटाला शब्द सांगायचं काम, केलंय, तेव्हा हे अगदी हाताच्या अंतरावरून बघितलं आहे.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही माझ्या टेबलावरून खऱ्या दिसतात. पहिली, सॅवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकी संशोधकांची, २००३ सालची. भाषण करणाऱ्याला वाटतं की आपली घालमेल सगळ्यांना दिसतेय, प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांना ती त्याहून कमी जाणवते. आणि हे ज्यांना आधी समजावून सांगितलं त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. दुसरी, हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांची, २०१४ मधली. भाषणाआधी स्वतःला 'शांत हो' म्हणून बजावण्यापेक्षा 'मला उत्साह आलाय' असं मोठ्यानं म्हणणाऱ्यांचं बोलणं अधिक बरं झालं. पटण्यासारखं आहे. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हटलं तर ती ऐकत नाही. पण जत्रेच्या रात्री पडदा वर जाण्याआधीही छाती अशीच धडधडते, आणि तिथं तिला आपण कुठं भीती म्हणतो?

पहिलं वाक्य

शेजारची आठवीतली मुलगी गेल्या वर्षी क्रांतिदिनाच्या (आमच्या गोव्यात तो १८ जूनला) भाषणाला उभी राहणार होती. संध्याकाळी वही घेऊन आली आणि पायरीवर बसून म्हणाली, "मामा, म्हाका भंय दिसता." वहीत पहिलं वाक्य होतं, 'गोवा हा निसर्गसौंदर्याने नटलेला प्रदेश आहे.' त्यानंतर पोर्तुगीज कधी आले, किती वर्षं राहिले, मग नावं, मग तारखा. असं भाषण डोळ्यांसमोर उभं राहत नाही, आणि जे डोळ्यांसमोर नाही ते भीतीच्या धक्क्यानं पहिल्यांदा पुसलं जातं.

मी तिला विचारलं, त्या दिवशी मडगावात काय झालं? तिला माहीत होतं. डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. सभाबंदी असताना १८ जून १९४६ला मडगावात सभा घ्यायची ठरली. पाऊस होता. लोक जमले, लोहियांना बोलू न देता पकडलं. म्हटलं, मग इथूनच सुरू कर. तिनं स्वतःच वाक्य केलं: "त्या दिवशी मडगावात पाऊस कोसळत होता, आणि चार माणसांत बोलणं हा गुन्हा होता." एवढं वाक्य बोलून झालं की पुढचं काय हे आठवावं लागत नाही, ते दिसतं. पाऊस, माणसं, पोलीस, अटक. निसर्गसौंदर्य शेवटी सांगता येतं, किंवा नाही सांगितलं तरी चालतं.

तर पहिलं वाक्य असं निवडा की त्यात एखादी जागा, माणूस किंवा घडलेली गोष्ट असेल. लहान ठेवा, एका श्वासात संपणारं. त्यात जीभ अडखळेल असा शब्द नको. 'स्वातंत्र्यसंग्रामातील' सारखा शब्द कोरड्या तोंडानं पहिल्याच वाक्यात उच्चारायला लागणं ही शिक्षा आहे, तो तिसऱ्या मिनिटाला घ्या.

'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' याला बरेच जण हसतात. मी हसत नाही. हे शब्द इतके घोटलेले असतात की भीतीतही बाहेर पडतात आणि तेवढ्यात आपला आवाज सभागृहात कसा घुमतो हे कानाला कळतं. मात्र ते दहा सेकंदांत संपवा. मान्यवरांची नावं घ्यायची असतील तर ती वेगळ्या कार्डावर, हुद्द्यासकट, आयोजकांकडून तपासून घेऊन लिहा. भाषणात चार मुद्दे राहिले तर कोणाला पत्ता लागत नाही, पण एका मान्यवराचं आडनाव चुकलं तर ते पुढच्या जत्रेपर्यंत ऐकावं लागतं.

पाठ करू नका, रांग लावा

पेडण्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावतारी नाटक बघितलंय ना? त्यातल्या नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरलेलं असतं, कुठल्या प्रवेशानंतर कुठला हे पक्कं असतं, संवाद जागेवर बोलायचे. म्हणून तिथं कोणी 'विसरला' असं सहसा दिसत नाही, कारण विसरायला शब्दच नाहीत, फक्त पुढचा प्रसंग आहे. लिहिलेल्या नाटकात मात्र एक शब्द सुटला की पुढची अख्खी ओळ गळते, आणि मग विंगेतला आमच्यासारखा माणूस घाम पुसतो.

भाषणासाठी दोन्हीकडचं थोडं थोडं घ्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दशः पाठ. मधल्या भागाची फक्त रांग: आधी पाऊस, मग सभा, मग अटक, मग पुढे काय झालं. ही रांग झोपेत विचारलं तरी यावी इतकी पक्की हवी, शब्द दर वेळी वेगळे आले तरी हरकत नाही. उलट वेगळे यावेत. घरी चार वेळा बोललात आणि चारही वेळा तेच शब्द आले तर समजा पाठांतर व्हायला लागलंय. वक्तृत्व स्पर्धेतली मुलं अडकली की पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करतात, ते पाठांतरामुळेच. त्यांना मधून कुठूनही आत शिरायची वाट ठाऊक नसते.

कार्ड कसं करायचं हे मी प्रॉम्प्टिंगमधून शिकलो. नट अडकला की त्याला पूर्ण वाक्य सांगून उपयोग नसतो, त्याच्या कानात ते शिरतच नाही. पहिले दोन शब्द दिले की उरलेलं तो स्वतः ओढून आणतो. म्हणून कार्डावर प्रत्येक टप्प्याचे पहिले दोन-तीन शब्दच लिहा, बोटाच्या पेराएवढ्या मोठ्या अक्षरांत. पूर्ण परिच्छेद लिहिला तर नजर त्यात हरवते. कागद पातळ नको. थरथर हाताची थोडीशीच असते, पण फुलस्केपचा कागद ती समोरच्या शेवटच्या रांगेला दाखवतो आणि त्याची खसखस माइकमधून सगळ्यांना ऐकवतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा कोऱ्या बाजूनं कापून घ्या. आमच्या घरात तर ढीग पडलेला असतो, वैशाखात विचारू नका. पंख्याच्या वाऱ्यानं तो उडतही नाही.

सराव उभं राहून, मोठ्यानं, त्या दिवशी घालणार त्याच चपला घालून. आरशासमोर नको, आरशात माणूस ऐकणाऱ्यांकडे बघायचं सोडून स्वतःच्या भुवया बघत बसतो. आणि एक उपाय खास पहिल्या मिनिटासाठी: घराचा जिना भरभर चढून-उतरून धाप लागली की थांबू नका, लगेच पहिलं मिनिट बोला. छाती धडधडत असताना, श्वास अपुरा पडत असताना ते वाक्य कसं निघतं ते तोंडाला कळू द्या. व्यासपीठावर तशीच धडधड सुरू झाली की ती अनोळखी वाटणार नाही. (हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल त्यांनी हे करू नये.)

वेळेचं सांगतो. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात. भीतीत वेग वाढतो, पण थांबायलाही वेळ लागतो. पाच मिनिटांसाठी साडेचारशे शब्दांचा मजकूर पुष्कळ झाला.

जागा आणि माइक

इथं जरा जास्त बोलतो, कारण हा माझा प्रांत आणि वक्तृत्वाच्या वर्गात हे कोणी शिकवत नाही.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी या. रिकाम्या सभागृहात व्यासपीठावर जाऊन उभे राहा, पायऱ्या किती, पोडियम कुठं, वायर कुठून गेलीय ते बघा. मग माइकवाल्याकडे जा आणि म्हणा, 'दादा, जरा आवाज बघायचाय.' आम्ही नाही म्हणत नाही. उलट बरं वाटतं, कारण नंतर फेडरशी मारामारी करावी लागत नाही. माइकवर टिचक्या मारू नका, फुंकर तर नकोच. 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' ऐवजी तुमचं पहिलं वाक्य बोला, पूर्ण आवाजात. त्या जागेत ते एकदा तोंडातून निघालेलं असलं की दुसऱ्यांदा निघायला सोपं जातं.

हातातला माइक हनुवटीपासून चार बोटं लांब, किंचित खाली. तोंडाच्या अगदी समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' वर भस्‌ भस्‌ हवा आदळते. छातीपाशी नेला तर मला आवाज वाढवावा लागतो आणि मग शिटी वाजते. जाळीवर मूठ आवळू नका, तिनंही शिटी वाजते. मूठ खाली, दांड्यावर. स्पीकरच्या समोर जाऊन उभे राहू नका. शिटी वाजलीच तर दचकून माइक लांब झटकू नका. गप्प उभे राहा, ती माझी चूक आहे असं लोकांना आधीच वाटत असतं आणि दोन सेकंदांत मी ती बंद करतो.

पोडियमवरचा वाकता माइक आधीच्या वक्त्याच्या उंचीवर असतो. बोलायला सुरुवात करण्याआधी तो हातानं आपल्या तोंडाकडे वळवा. लोकांना त्यात काही विचित्र वाटत नाही, आणि तुमच्या थरथरत्या हाताला एक काम मिळतं. बायकांना एक सांगणं: कॉलरचा माइक लावायचा असेल तर मंगळसूत्र, मोत्यांची माळ, ओढणी त्याला घासणार नाही असं बघा. मी हेडफोन लावून बसतो, मला माळेचं खळखळणं भाषणापेक्षा मोठं ऐकू येतं.

देवळाच्या सभामंडपात फरशी आणि दगडी खांब असतात. तिथं आवाज फिरून थोड्या उशिरानं परत येतो. नवखा माणूस आपल्याच आवाजाला दचकतो आणि आणखी भरभर बोलतो. उपाय उलटा आहे: वाक्य संपलं की थांबा, आवाज विरू द्या, मग पुढचं. जुलैत पत्र्याच्या शेडखाली कार्यक्रम असेल आणि पाऊस आला तर त्याच्यावर ओरडू नका. तुम्ही सावकाश बोला, आवाज वाढवायचं काम माझं. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरासारख्या नाट्यगृहात दिवे डोळ्यांवर येतात, पहिल्या रांगांपलीकडे काळोख दिसतो. काहींना त्यानं धीर येतो, काहींना घाबरायला होतं. काळोखातही मधल्या रांगांच्या अंदाजानं बघत राहा, नाहीतर माणूस जमिनीशी बोलतो.

लाइट गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात ही शक्यता धरूनच चालावं. पोडियम सोडून दोन पावलं पुढे या, 'मागे ऐकू येतंय का?' विचारा आणि गोष्ट सांगितल्यासारखं बोलत राहा. लोकांना असला माणूस भाषणापेक्षा जास्त लक्षात राहतो.

नाव पुकारण्याआधीची दहा मिनिटं

सर्वांत वाईट वेळ हीच. पुढच्या रांगेत बसून दुसऱ्याचं भाषण कानावर पडत असतं पण डोक्यात शिरत नसतं. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवा. चार मोजत श्वास आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, त्यानं छातीचे ठोके मंदावतात. हे पाच-सहा वेळा, कोणाला कळणारही नाही असं. कोमट पाण्याचे घोट घ्या. बर्फाचं पाणी, दोन कप कडक कॉफी, रिकामं पोट, तिन्ही नकोत.

आणि हो, 'थोडीशी घेतली की धीर येतो' म्हणणारे आमच्याकडे कमी नाहीत. एप्रिल-मेत हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत तर फारच. धीर येतो की नाही ते मला माहीत नाही, माझ्या टेबलावरून एवढंच दिसतं की माणसाला वेळेचं भान राहत नाही आणि 'शेवटचं एकच सांगतो' हे वाक्य तो चार वेळा म्हणतो.

नाव पुकारलं की घाईनं उठू नका. चालत जा, माइक नीट करा, समोर बघा, एक पूर्ण श्वास सोडा, मग बोला. ही शांतता तुम्हाला लांबलचक वाटते. खाली बसलेल्यांना वाटतं, बाई किंवा बुवा तयारीनं आलेत. त्या गर्दीत मान डोलावणारा एखादा चेहरा प्रत्येक सभेत असतोच, बहुधा तिसऱ्या-चौथ्या रांगेत, बहुधा कुणाची तरी आजी. पहिलं वाक्य तिला सांगा. दुसरं दुसऱ्या बाजूच्या कोणाला तरी.

मध्येच काही आठवलं नाही तर

थांबा. कार्डाकडे बघा, उघडपणे बघा, चोरून नको. तरी नाही आठवलं तर आत्ताच बोललेलं वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगा, तेवढ्यात रांगेतला पुढचा टप्पा बहुधा येतो. नाहीच आला तर तो सोडून त्याच्या पुढच्यावर जा. तुमच्या कार्डावर काय होतं ते लोकांनी वाचलेलं नाही. 'सॉरी, मी जरा घाबरलोय' म्हणायची गरज नाही, त्यांना ते कळलेलंही नसतं.

अडकण्याची फार लाज वाटत असेल तर गांधीजींचं उदाहरण आहे. मुंबईत लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, एकही प्रश्न सुचेना, खाली बसले आणि घेतलेली फी परत केली. नंतर त्याच माणसाला ऐकायला लाखो लोक जमत.

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोललो, ते पाठ का हवं हे इथं कळेल. शेवट ठरलेला नसला की माणूस 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हणतो आणि त्यानंतर पाच मिनिटं उतरायला जागा शोधत राहतो. शेवटचं वाक्य आलं की बोला आणि थांबा. आणि माइक पुढच्याला देताना बटण बंद करू नका, तो बिचारा अर्धं मिनिट नुसते ओठ हलवतो.

ग्रामसभा हा वेगळा प्रकार

भाषणाला कधी न घाबरणारी माणसंही ग्रामसभेत गप्प बसतात, कारण तिथं समोरचे ऐकायला आलेले नसतात, भांडायला आलेले असतात. कचऱ्याचा प्रकल्प, डोंगरकापणी, नळाचं पाणी, मुद्दा कुठलाही असो. तिथं पहिलं मिनिटच असतं, दुसरं कोणी देत नाही. म्हणून उलट्या क्रमानं बोला: आधी नाव आणि प्रभाग, लगेच मागणी, मग कारण. 'सरपंचबाई, आमच्या वाड्यावरची पथदीपांची लाइन बंद आहे, ती कधीपर्यंत सुरू होणार याची तारीख आज हवी.' कोणी मध्ये बोललं तर त्याच्याशी वाद घालू नका, खुर्चीकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हणा. शेवटी 'याची इतिवृत्तात नोंद घ्या' म्हणायला विसरू नका. प्रश्न लेखी देऊन त्याची पोच हातात असेल तर आवाज आपोआप खाली येतो, माझ्या मिक्सरवर तोही फरक दिसतो.

शोकसभेबद्दल एवढंच: गेलेल्या माणसाची एकच आठवण सांगा, नेमकी. गळा दाटला तर थांबा, तिथं कोणाला घाई नसते.

घरची बोली, मंचावरची मराठी

आमच्यातल्या बहुतेकांच्या घरात कोंकणी, शाळेत आणि मंचावर मराठी. त्यामुळे बऱ्याच जणांना भीती भाषणाची नसते, 'माझी मराठी शुद्ध नाही' याची असते. मग ते वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखी भाषा लिहून आणतात आणि तिच्यावर अडखळतात. मी पुण्या-मुंबईचे निवेदकही ऐकलेत आणि आमच्या सावईवेऱ्याचे, म्हार्दोळचेही. हेल वेगळा आहे म्हणून कोणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. लांबलचक वाक्यांमुळे मात्र माणसं खरंच उठतात. ज्या मराठीत तुम्ही मास्तरांशी बोलता ती पुरे आहे.

भीती मिनिटावर थांबत नसेल तर

काहींना चार माणसांत नाव सांगायलाही गरगरतं, आठवडाभर झोप लागत नाही, भाषण टाळण्यासाठी नोकरीतली बढती सोडतात. त्यांना माइक कसा धरायचा हे सांगून उपयोग नाही. तो उपचारानं बरा होणारा त्रास आहे, डॉक्टरांना दाखवावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. मित्रानं दिलेली 'ठोके कमी करणारी गोळी' घेऊन व्यासपीठावर चढू नका. तसली औषधं आहेत, पण दम्याच्या माणसाला ती धोक्याची ठरू शकतात, डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय नको.

बाकीच्यांसाठी सुरुवात कुठून करायची? थेट अध्यक्षीय भाषणापासून नको. चतुर्थीला घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरतीत पहिला आवाज द्या. हळदीकुंकवात पाहुणीची ओळख करून द्या. आणि मग आभारप्रदर्शन मागून घ्या. नवशिक्यासाठी याच्याइतकं सोयीचं काम नाही. मजकूर ठरलेला, कागद बघून वाचलेला चालतो, वेळ दोन मिनिटं, आणि लोक आधीच चपला शोधायला लागलेले असतात, त्यामुळे कोणी परीक्षा घ्यायला बसलेलं नसतं. फोनवर रेकॉर्ड करा, पण त्याच रात्री ऐकू नका, दोन दिवसांनी ऐका आणि पुढच्या खेपेसाठी एकच सुधारणा निवडा. आभार जमले की पाहुण्यांचा परिचय, मग निवेदन, मग स्वतःचं भाषण.

यंदाच्या कार्यक्रमाची बैठक झाली नसेल तर मंडळाच्या सेक्रेटरीला आजच सांगून ठेवा की आभार मी मानणार. आभाराला दर वर्षी माणूस शोधावा लागतो, तो नाही म्हणणार नाही.